बीजगणित-त्रिकोणमितीचं पुस्तक घेण्याआधी

अकरावी विज्ञानाला प्रवेश झाला की पहिल्या पंधरवड्यातच पुस्तकांची यादी हातात पडते. कधी ती वरच्या वर्गातल्या दादाची असते, कधी शिकवणीवाल्या सरांची, तर कधी थेट दुकानदाराची. यादीत गणिताचीच तीन-चार जाडजूड नावं असतात. घरचे पोटाला चिमटा काढून ती घेऊन देतात. दिवाळीपर्यंत त्यातल्या एखाद्याची पहिली चाळीस पानं वाचून झालेली असतात आणि बाकीची कोरी राहतात. मग मुलगा ठरवून टाकतो की आपल्याला गणित जमत नाही. बहुतेक वेळा खरी गोष्ट एवढीच असते की पुस्तक त्याच्यासाठी निवडलेलंच नव्हतं.

भंडारा जिल्ह्यात ही निवड जास्त काळजीपूर्वक करावी लागते. वरिष्ठ महाविद्यालयं भंडारा, तुमसर, साकोली अशा मोजक्या गावांत आहेत आणि मोठ्या शिकवण्या नागपूरला. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या गावातून एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी संध्याकाळी घरी पोहोचतो, तेव्हा अडलेलं गणित विचारायला आसपास कुणी नसतं. समोर असतं ते फक्त पुस्तक. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यासाठी पुस्तकाची पहिली कसोटी ही: शिकवणारं कुणी शेजारी नसताना ते वाचून समजतं का? लेखकाचं नाव, पानांची संख्या, कुठल्या टॉपरने काय वापरलं, या गोष्टी त्यानंतरच्या.

आधी स्वतःला तपासा

पुस्तकाआधी वाचकाची परीक्षा. कागद-पेन घ्या आणि पुढची सहा उदाहरणं कुठेही न बघता सोडवा.

१. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे वर्गसमीकरण सोडवा.
२. १/क्ष + १/(क्ष + १) ही बेरीज एकाच अपूर्णांकात लिहा.
३. √५० − √८ याला सोपं रूप द्या.
४. २क्ष − ३ > ५क्ष + ६ असेल तर क्षच्या किमती कोणत्या?
५. लघुकोनाचा साइन ३/५ असेल तर कोसाइन आणि टॅन किती?
६. वैनगंगेच्या काठावर तुम्ही उभे आहात आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठावर एक झाड आहे. काठाने सरळ ६० मीटर चालत गेल्यावर काठ आणि झाडाकडे जाणारी नजरेची रेषा यांत ६० अंशांचा कोन होतो. नदीचं पात्र किती रुंद?

उत्तरं अशी: २ आणि ३, (२क्ष + १) भागिले क्ष(क्ष + १), ३√२, क्ष < −३, ४/५ आणि ३/४, आणि ६०√३, म्हणजे सुमारे १०४ मीटर.

सहाही बरोबर आली तर अकरावीचं पुस्तक थेट उघडा. दोन किंवा जास्त चुकली तर आधी मागची पुस्तकं काढा. दुसऱ्या उदाहरणात अडलात तर आठवीच्या पुस्तकातलं ‘बैजिक राशींचे अवयव’ हे प्रकरण हवं. तिसऱ्यासाठी नववीच्या भाग १ मधल्या वास्तव संख्या, पहिल्यासाठी दहावीच्या भाग १ मधली वर्गसमीकरणे, पाचव्या-सहाव्यासाठी दहावीच्या भाग २ मधली त्रिकोणमिती. चौथ्यात दिशा उलटवायची राहिली असेल, तर ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना असमानतेचं चिन्ह का फिरतं ते संख्यारेषेवर दोन-चार संख्या मांडून बघा.

मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडण्यात कमीपणा काहीच नाही. अकरावीच्या त्रिकोणमितीत अडखळणाऱ्या कितीतरी मुलांना त्रिकोणमिती अवघड जात नसते. त्यांना अपूर्णांकांची बेरीज आणि अवयव पाडणं अवघड जात असतं. साइन आणि कोसाइन आले की तोच कच्चेपणा उघडा पडतो. अशा मुलाला त्रिकोणमितीचं आणखी जाड पुस्तक देऊन उपयोग होत नाही.

मूळ पुस्तक: बालभारती

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं, हा वादाचा प्रश्न नाही. सध्याची अकरावीची ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ ही दोन भागांतली पुस्तकं २०१९ची आणि बारावीची २०२०ची. बोर्डाचा पेपर याच पुस्तकांवर असतो. एमएचटी-सीईटीच्या गणितात दोन-दोन गुणांचे ५० प्रश्न असतात; त्यातला सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. म्हणजे मूळ पुस्तक बाजूला ठेवून दुसऱ्या कशाने सुरुवात करणं दोन्हीकडे नुकसानीचंच.

पण बालभारतीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचलंच पाहिजे असं नाही. अकरावीचा भाग १ कोन व त्याचं मापन, मग त्रिकोणमितीची दोन प्रकरणं, असा सुरू होतो. त्यानंतर निर्धारक व सारणी, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद. भाग २ मध्ये संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमपरिवर्तन आणि संयोग, गणिती विगमन व द्विपद प्रमेय येतात. संच-संबंध आणि फलन ही प्रकरणं त्यांच्याही पुढे आहेत. महाविद्यालयात दोन्ही भाग बहुधा समांतर चालतात. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने मात्र संच आणि फलन ही दोन प्रकरणं लवकर वाचून घ्यावीत. साइनचा आलेख, त्याचा प्रांत आणि विस्तार, त्याची आवर्तिता हे सगळं ‘फलन म्हणजे काय’ हे कळल्यावरच नीट बसतं.

घेताना छपाईचं वर्ष पाहा. राज्यात नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. मोठ्या भावंडाचं जुनं पुस्तक चालेल की नाही, हे आपल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाशी ताडून मगच ठरवा.

दुकानात अर्ध्या तासाची परीक्षा

दुसरं कुठलंही पुस्तक घेण्याआधी ते हातात घेऊन किंवा मोबाइलवर त्याची पीडीएफ उघडून चार जागा शोधा. या चार जागी पुस्तक कसं वागतं यावरून त्याची जात कळते.

पहिली जागा: ९० अंशांपुढचा साइन. दहावीत साइन म्हणजे काटकोन त्रिकोणातली समोरची बाजू भागिले कर्ण. १२० अंशांचा कोन काटकोन त्रिकोणात बसतच नाही, मग साइन १२० अंश म्हणजे काय? चांगलं पुस्तक इथे थांबतं. एक एकक त्रिज्येचं वर्तुळ काढतं, त्यावर फिरणाऱ्या बिंदूचे निर्देशक म्हणजे कोसाइन आणि साइन असं सांगतं, आणि लघुकोनासाठी ही नवी व्याख्या जुन्या व्याख्येशी जुळते हेही दाखवतं. कच्चं पुस्तक चार चरणांतल्या चिन्हांचा तक्ता देतं आणि पुढे निघतं.

दुसरी जागा: वर्गमूळ असलेलं समीकरण. √(क्ष + ६) = क्ष घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० मिळतं आणि उत्तरं येतात ३ आणि −२. मूळ समीकरणात ठेवून पाहिल्यावर ३ टिकतं, −२ टिकत नाही, कारण डावीकडे २ येतात आणि उजवीकडे −२. हे जादा उत्तर कुठून आलं? वर्ग करताना चिन्हाचा फरक पुसला जातो, म्हणून. ज्या पुस्तकात अशी पडताळणी नसते, ते चूक करायला शिकवतं.

तिसरी जागा: साइन २क्ष = साइन क्ष. सूत्र वापरलं की २ साइन क्ष × कोसाइन क्ष = साइन क्ष. आता दोन्ही बाजूंना साइन क्षने भागलं की कोसाइन क्ष = १/२ एवढंच उरतं आणि साइन क्ष = ० देणारी सगळी उत्तरं हरवतात. मागच्या उदाहरणात एक उत्तर जास्तीचं आलं होतं, इथे उत्तरं गायब होतात. भागाकार न करता एका बाजूला घेऊन अवयव पाडायचे, हे पुस्तक स्पष्ट सांगतं का ते बघा.

चौथी जागा: १/क्ष < १ अशी असमानता. घाईत उत्तर येतं क्ष > १. पण क्ष ऋण असेल तरीही ही असमानता खरी असते, म्हणून उत्तर ‘क्ष > १ किंवा क्ष < ०’ असं आहे. क्षचं चिन्ह ठाऊक नसताना त्याने गुणता येत नाही, ही सूचना पुस्तकात हवी.

हीच उदाहरणं जशीच्या तशी सापडायला हवीत असं नाही. त्या प्रकारचं उदाहरण शोधा. मग एखादं सोडवलेलं उदाहरण घ्या, उत्तर हाताने झाका आणि एकेक ओळ उघडत जा. दोन ओळींच्या मधलं कारण तुम्हाला स्वतःला सांगता आलं तर पुस्तक तुमच्या पातळीचं. प्रत्येक तिसऱ्या ओळीला ‘हे कसं आलं?’ असा प्रश्न पडत असेल तर ते पुस्तक सध्या तुमचं नाही; कदाचित पुढच्या वर्षी असेल. उलट, एकही ओळ विचार करायला लावत नसेल तर त्यावर पैसे घालवू नका.

शेवटी उत्तरसूची. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला मागे उत्तरं नसलेलं पुस्तक निम्मंच उपयोगी. तीन उत्तरं स्वतः पडताळून पाहा. घाईत छापलेल्या पुस्तकांत चुकीची उत्तरं सर्रास सापडतात आणि त्यापायी आपली बरोबर पद्धत चूक वाटू लागते.

भाषेचा अडथळा

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावीत इंग्रजीतलं गणित भेटतं. पारिभाषिक शब्द महिनाभरात सवयीचे होतात: क्वाड्रंट म्हणजे चरण, सर्ड म्हणजे करणी, अँगल ऑफ एलिव्हेशन म्हणजे उन्नत कोन. खरी अडचण साध्या वाटणाऱ्या शब्दांची असते. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे वेगवेगळे, ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणजे तर आणि तरच. उदाहरण यांच्यामुळे चुकतं आणि दोष गणिताच्या नावावर पडतो. वहीची मागची दोन पानं अशा शब्दांसाठी राखून ठेवा.

भाषा संचालनालयाचा ‘गणितशास्त्र परिभाषा कोश’ शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर पाहता येतो. आणखी एक सोय आपल्या भागातल्या मुलांना सहज वापरता येईल. मध्य प्रदेशाला लागून असलेल्या या जिल्ह्यात हिंदी बहुतेकांना कळते, आणि एनसीईआरटीचं अकरावीचं गणित हिंदीतही मोफत आहे. हिंदी परिभाषाही आपल्यासारखीच संस्कृतातून आलेली असल्याने फारशी परकी वाटत नाही. एखादं प्रकरण इंग्रजीत डोक्यावरून गेलं तर ते आधी हिंदीत वाचा आणि मग पुन्हा इंग्रजीकडे या. सराव मात्र ज्या भाषेत पेपर लिहायचा त्याच भाषेत करा.

दुसरं पुस्तक कोणतं?

मूळ पुस्तकाच्या जोडीला एकच पुस्तक घ्या. ते कोणतं, हे पुढे कुठे जायचं त्यावर ठरतं.

सीईटी हे लक्ष्य असेल तर बालभारतीचे सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह पूर्ण करा आणि बहुपर्यायी प्रश्नांचा एक संग्रह घ्या. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कस लागतो तो वेगाचा, आणि ९० मिनिटांत ५० प्रश्नांचा वेग लावून सराव केल्याशिवाय येत नाही.

जेईई द्यायची असेल तर एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक आधी. त्यातली उदाहरणं संख्येने कमी, पण मांडणी नेटकी आहे. आर. डी. शर्मा यांचं पुस्तक उदाहरणांच्या भरपूर साठ्यासाठी चांगलं. मात्र त्यातला प्रत्येक प्रश्न सोडवायचा हट्ट धरू नका. एका प्रकारची पाच उदाहरणं सलग बरोबर आली की पुढच्या प्रकाराकडे जा.

तंत्रनिकेतनात पदविकेला गेलेल्यांसाठी पहिल्या वर्षाच्या गणितात त्रिकोणमिती आणि बीजगणित दोन्ही असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं भारतीय भाषांत, मराठीसह, मोफत ठेवलेली आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी बाजारात जाण्याआधी ती पाहावीत.

बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पदवीच्या पहिल्या वर्षी ‘बीजगणित व त्रिकोणमिती’ नावाचा पेपर दिसला म्हणजे अकरावीचीच उजळणी आहे, असं नव्हे. तिथे सारणीची कोटी, समीकरणांच्या मुळांचा सिद्धांत, डी मॉयव्हरचं प्रमेय, अतिपरवलयी फलनं असे विषय येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम आधी डाउनलोड करा, त्यातली संदर्भग्रंथांची यादी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोधा आणि पहिली चाचणी होईपर्यंत काही विकत घेऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पेपरांची नावं आणि रचना बदलत आहेत. मागच्या वर्षीच्या सीनियरची यादी या वर्षी जुळेलच असं नाही.

आणि ज्याला परीक्षा बाजूला ठेवून विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे, त्याने अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं ‘अल्जिब्रा अँड ट्रिगॉनॉमेट्री’ पाहावं. जे ॲब्रामसन यांचं हे पुस्तक २०१५ साली आलं, दुसरी आवृत्ती २०२१ची आहे आणि पीडीएफ मोफत आहे. तिथल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी जे शिकवतात ते आपल्या नववी ते अकरावीच्या आसपासचं असल्याने आपल्या मुलाला ते पेलतं. समजावणं सावकाश, आकृत्या भरपूर. ते पूर्ण छापून घेऊ नका, हजारावर पानं आहेत. अडलेल्या प्रकरणापुरतं वाचा. तिथे कोसेकचं लघुरूप वेगळं लिहितात आणि नैसर्गिक लॉगरिदमसाठी स्वतंत्र खूण वापरतात, एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही.

नावाजलेली जुनी पुस्तकं

हॉल आणि नाइट यांचं ‘हायर अल्जिब्रा’ १८८७चं आणि एस. एल. लोनी यांची ‘प्लेन ट्रिगॉनॉमेट्री’ १८९३ची. दोन्ही आजही छापली जातात, विकली जातात आणि अनेक याद्यांत असतात. श्रीनिवास रामानुजन यांनी कुंभकोणमला शाळकरी वयातच लोनी यांची त्रिकोणमिती आत्मसात केली होती, ही गोष्ट विकणारे आवर्जून सांगतात. गोष्ट खरी आहे, पण त्यावरून आपल्यासाठी काहीच ठरत नाही.

या पुस्तकांची ताकद त्यांच्या उदाहरणसंग्रहात आहे. श्रेढी, द्विपद प्रमेय, त्रिकोणाचे गुणधर्म यांवरचे प्रश्न अजूनही कस पाहतात. लोनी यांचा दुसरा भाग बी.एस्सी.च्या डी मॉयव्हरसाठीही उपयोगी आहे. पण समजावण्याची पद्धत त्या काळच्या ब्रिटिश विद्यार्थ्यासाठी आहे. लोनी काटकोनाचे शंभर भाग करणारं ग्रेड हे मापही शिकवतात, ते आपल्याला लागत नाही. पहिलं पुस्तक म्हणून ही घेऊ नका. प्रकरण समजल्यानंतर बुद्धीला व्यायाम म्हणून उघडा. स्वामित्वहक्क संपलेले असल्याने इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या जुन्या प्रती मोफत मिळतात.

यांच्यापेक्षा वेगळ्या वळणाची पुस्तकं इस्राएल गेल्फंड यांची. या रशियन गणितज्ञाने १९६४ साली मॉस्कोत पत्रद्वारा चालणारी गणिताची शाळा सुरू केली, ती मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या मुलांसाठी. पुस्तिका टपालाने जायच्या, मुलं उत्तरं पाठवायची आणि ती तपासून परत यायची. ‘फंक्शन्स अँड ग्राफ्स’ आणि ‘मेथड ऑफ कोऑर्डिनेट्स’ ही छोटी पुस्तकं त्याच शाळेसाठी लिहिली गेली. पुढे शेन यांच्यासोबत ‘अल्जिब्रा’ आणि मार्क सॉल यांच्यासोबत ‘ट्रिगॉनॉमेट्री’ आली. शिक्षक समोर नाही हे धरूनच ही पुस्तकं बोलतात: प्रश्न विचारतात, थांबतात, पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातून काढतात. पवनी किंवा लाखनीतल्या जिज्ञासू मुलासाठी याहून सरस सोबत नाही. सीईटीची तयारी त्यांतून होणार नाही, ते त्यांचं कामही नाही.

गाईड, डायजेस्ट आणि पैशांचं गणित

डायजेस्ट घ्यायचं की नाही यावर घरोघरी वाद होतात. वापरायची रीत सांभाळली तर ते घेण्यात गैर काही नाही. आधी स्वतः वीस मिनिटं झगडायचं, मग उघडायचं, अडलेली एकच पायरी पाहायची आणि बंद करून उरलेलं स्वतः पूर्ण करायचं. उत्तर वहीत उतरवून काढण्याने अक्षर सुधारेल फार तर.

पैसे वाचवायचे मार्ग अनेक आहेत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर आणि एनसीईआरटीची त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तरी रोज हाताळायचं मूळ पुस्तक छापील घ्या. मोबाइलवर गणित वाचताना मागची आकृती आणि पुढचं समीकरण एका नजरेत येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकपेढी आहे का ते प्रवेशाच्या वेळीच विचारा. नागपूरला जाणं झालंच तर सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून चक्कर मारा. अभ्यासक्रम बदललेला नसेल तर संदर्भाचं पुस्तक जुनं असण्याने काही बिघडत नाही. गावातल्या तीन-चार मित्रांनी मिळून वेगवेगळी संदर्भ पुस्तकं घ्यावीत आणि आळीपाळीने वापरावीत. रविवारी एकत्र बसून एकमेकांना एकेक उदाहरण समजावून सांगितलं तर शिकवणीची उणीवही बरीच भरून निघते.

पालकांना एक विनंती. पुस्तक घेऊन दिल्यावर ‘किती पानं झाली?’ असं विचारू नका. ‘आजचं एक उदाहरण मला समजावून सांग’ असं म्हणा. तुम्हाला त्रिकोणमिती येत नसली तरी चालेल. मुलगा कुठे अडखळतो ते ऐकताना कळतं आणि बोलताना त्यालाही कळतं.

बदलायचं कधी?

घेतलेलं पुस्तक आवडलं नाही की लगेच दुसऱ्याच्या मागे लागणं, ही या विषयातली सर्वांत महागडी सवय. एक प्रकरण पूर्ण करेपर्यंत पुस्तक बदलायचं नाही, असा नियम घालून घ्या. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून त्यातल्या सरावसंचातली दहा उदाहरणं करा. सहा किंवा अधिक जमली तर पुस्तक ठेवा आणि पुढे चला. त्याहून कमी जमली तर चुका तपासा: आकडेमोडीच्या आणि अवयवांच्या असतील तर उणीव मागच्या इयत्तेची आहे, पुस्तक बदलून ती भरणार नाही. व्याख्याच कळली नसेल, ‘हे असं का’ याचं उत्तर पुस्तकात शोधूनही सापडत नसेल, तर मात्र संकोच न करता ते बाजूला ठेवा, मग त्यावर कितीही मोठं नाव छापलेलं असो.